मिग-सीओटू वेल्डिंगमध्ये वायरचा थेंब सुटतो कसा? नागपूरच्या वर्कशॉपमधून वारंवार येणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर किंवा कामठी रोडवरच्या शेडमध्ये मिग मशीनची, म्हणजे गॅसच्या आवरणात वायर सतत पुढे सरकवत जोड करणाऱ्या वेल्डिंग मशीनची, आता नवलाई राहिलेली नाही. कोणतं बटण किती फिरवायचं, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. वायरच्या टोकापासून थेंब सुटतो कसा, हे विचारणारे थोडे. पण स्पॅटर (उडणारे छर्रे), कच्चा जोड, भोकं पडलेले पत्रे या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या थेंबातच सापडतं. खालचे आकडे माइल्ड स्टीलच्या सॉलिड वायरचे आहेत आणि वायर पॉझिटिव्हला जोडली आहे असं धरून दिले आहेत. मशीन बदललं की थोडा फरक पडणारच.

ट्रान्सफर मोड म्हणजे नेमकं काय?

वायर आणि जॉब यांच्यातल्या विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, वायरचं टोक वितळतं आणि ते धातू जोडाच्या डबक्यात जातं. कोणत्या रीतीने जातं, तो ट्रान्सफर मोड. वायर थेट डबक्याला टेकून धातू सोडत असेल, तर त्याला शॉर्ट आर्क किंवा डिप म्हणतात. वायरच्या जाडीपेक्षा मोठा, ओबडधोबड गोळा लोंबकळून पडत असेल तर ग्लोब्युलर. वायरच्या जाडीएवढे किंवा त्याहून बारीक थेंब एका रेषेत, न टेकता जात असतील तर स्प्रे. चौथा मोड पल्स. तो आपोआप होत नाही, मशीन करंट वरखाली करून तो घडवून आणतं. पहिल्यात धातू टेकून जातं, बाकीच्या तिन्हींत हवेतून. हा भेद डोक्यात पक्का बसला की पुढचं सोपं जातं.

मशीनवर ‘स्प्रे’ असं बटण नाही. मग मोड ठरवतं कोण?

गॅस, त्या जाडीच्या वायरला मिळणारा करंट, व्होल्टेज, स्टिक-आउट (गनच्या टिपबाहेर राहणारी वायर) आणि पोलॅरिटी (वायर पॉझिटिव्हला की निगेटिव्हला). मी हा क्रम मुद्दाम लावला आहे. मोडचा पहिला निर्णय तुम्ही फोनवरून सिलिंडर मागवता तेव्हाच होऊन जातो. शुद्ध सीओटू मागवला तर स्प्रेचा विषय तिथेच संपला.

मिग मशीन व्होल्टेज कायम राखणारं असतं. त्यामुळे करंटचं वेगळं बटण नसतं. वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो आणि व्होल्टेज वाढवलं की आर्क लांब होतो. हात थोडा वर गेला तर मशीन स्वतःच तोल सांभाळतं. आर्क लांबला की करंट पडतो, वायर कमी वितळते आणि टोक पुन्हा खाली येतं. मात्र गन उंच धरून स्टिक-आउट वाढवला, तर बटण न फिरवताही करंट उतरतो. स्प्रेच्या काठावर चाललेला आर्क मग नकळत ग्लोब्युलरमध्ये घसरतो. सकाळी छान चाललेलं सेटिंग दुपारी बिघडलं अशी तक्रार असेल, तर आधी टिप ते जॉब हे अंतर बघा. शॉर्ट आर्कला १० ते १२ मिलिमीटर आणि स्प्रेला १५ ते २० मिलिमीटर ठेवावं.

थेंब सुटण्यामागे बळ कोणतं असतं?

बळं अनेक आहेत आणि त्यांची आपसात ओढाताण चालते. पृष्ठताण थेंबाला वायरच्या टोकाशी धरून ठेवतो. गुरुत्वाकर्षण खाली खेचतं, आर्कमधून वाहणारा तप्त वायूचा झोत खाली ढकलतो. याशिवाय एक बळ विजेचं. वायरमधून करंट वाहतो तेव्हा त्याचंच चुंबकीय क्षेत्र वायरला चहूबाजूंनी आवळतं. थेंबाच्या मानेवर, जिथे धातू मऊ झालेलं असतं, तिथे ही पकड घट्ट होते आणि मान तुटते. याला पिंच इफेक्ट म्हणतात. हे बळ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. करंट दुप्पट झाला की पकड चौपट.

म्हणूनच करंट हळूहळू चढवत नेला तर थेंब हळूहळू लहान होत नाहीत. एका ठरावीक करंटच्या आसपास चित्र पालटतं आणि मोठे गोळे जाऊन बारीक थेंबांची धार सुरू होते. त्याला ट्रान्झिशन करंट म्हणतात.

फरक किती मोठा, ते साध्या गणिताने बघा. १.२ मिलिमीटरची वायर मिनिटाला ८ मीटर चालली आहे. थेंब वायरच्याच जाडीचे, म्हणजे १.२ मिलिमीटर व्यासाचे असतील तर सेकंदाला सुमारे १६७ थेंब पडतील. तेवढंच धातू ३ मिलिमीटरच्या गोळ्यांतून गेलं, तर सेकंदाला जेमतेम ११. धातू तेवढंच, वेळ तेवढाच. पण ११ जड गोळे धपाधप आपटतात तेव्हा डबकं उसळतं आणि नोझल छर्ऱ्यांनी भरतं.

व्होल्टेज वाढवलं तरी स्प्रे काऊन येत नाही?

आधी सिलिंडर बघा भाऊ. शुद्ध सीओटूत खरा स्प्रे येत नाही, मशीन कितीही मोठं असलं तरी. मशीन विकताना कोणी काहीही सांगितलेलं असो.

कारण थेंबाच्या खाली आहे. आर्गॉनमध्ये आर्क रुंद पसरतो, वायरच्या टोकाला वरपर्यंत वेढतो. टोक निमुळतं होतं, पिंच इफेक्ट मानेवर नीट बसतो आणि थेंब खाली सुटतो. सीओटू आर्कमध्ये फुटतो, उष्णता ओढून घेतो, त्यामुळे आर्क आकसून थेंबाच्या तळाशी एका जागी गोळा होतो. तिथून उलटं, वर ढकलणारं बळ तयार होतं. थेंब सुटायचा सोडून वर उचलला जातो, वाकडा होतो, फुगत राहतो आणि शेवटी भलत्याच बाजूला पडतो. व्होल्टेज वाढवल्याने फक्त आर्क लांब होतो. गोळ्याला लोंबकळायला जास्त जागा मिळते आणि स्पॅटर वाढतो.

स्प्रेसाठी आर्गॉन किमान ८० टक्के हवा. ९८ टक्के आर्गॉन आणि २ टक्के ऑक्सिजन या मिश्रणात १.२ मिलिमीटर वायरचा ट्रान्झिशन करंट सुमारे २२० अँपिअर असतो, ०.९ मिलिमीटरचा सुमारे १६५. आपल्याकडे मिक्स गॅस म्हणून मिळणाऱ्या ८०-२० मध्ये (८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू) १.२ मिलिमीटरला तो २६० ते २८० पर्यंत चढतो आणि व्होल्टेज २७ ते ३० लागतं. मिक्स गॅस लावून, १.२ ची वायर घालून, २०० अँपिअरवर स्प्रे शोधणारे बरेच जण भेटतात. तिथे सापडेल तो ग्लोब्युलर.

सगळं बरोबर असूनही येत नसेल तर पोलॅरिटी तपासा. फ्लक्स कोअर वायरसाठी (आत फ्लक्स भरलेली पोकळ वायर) केबल अदलाबदल करून तशीच राहिलेली असू शकते. साधी सॉलिड वायर निगेटिव्हवर स्प्रे देत नाही.

मग सीओटू टाकाऊच म्हणायचा का?

मुळीच नाही. ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत अॅल्युमिनियमसाठी तयार झाली, तेव्हा गॅस महागडा होता. १९५३ मध्ये सोव्हिएत रशियातल्या ल्युबाव्स्की आणि नोव्होशिलोव्ह यांनी सीओटू वापरून स्टील जोडलं आणि पद्धत लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली. आपल्याकडे मिगलाच ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात ते उगीच नाही.

सीओटूचा जोड खोल जातो, गॅस स्वस्त पडतो, शॉर्ट आर्कला तो उत्तम चालतो. जास्त करंटवर वापरायचाच असेल तर व्होल्टेज थोडं कमी ठेवून आर्क डबक्याच्या खड्ड्यात दाबून चालवतात. गोळे तरी पडतातच, पण बरेचसे छर्रे खड्ड्याच्या भिंतीत अडकतात. फक्त सपाट जोडाला, आणि ग्राइंडरवाला जवळ असेल तर. हिशेब करताना गॅसच्या बिलाशेजारी ग्राइंडिंगची मजुरी आणि डिस्कही मांडा. पुष्कळ शेडमध्ये हा हिशेब कोणी कधी केलेलाच नसतो.

शॉर्ट आर्कमध्ये आर्क खरंच विझतो का?

विझतो, आणि सेकंदाला साधारण २० ते २०० वेळा. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येतो. सेटिंग जुळलं असेल तर मोहरीची फोडणी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. आवाज तुटक झाला, मध्येच ‘फट’ वाजायला लागलं, तर काहीतरी बिनसलं आहे.

एका फेरीत काय घडतं ते बघू. आर्क जळतोय, टोकाला थेंब तयार होतोय, वायर पुढे सरकतेय. थेंब डबक्याला टेकतो. टेकताक्षणी आर्क विझतो, व्होल्टेज जवळपास शून्यावर येतं आणि करंट उसळी मारतो. डबक्याचा पृष्ठताण थेंबाला आत ओढून घेतो, वाढलेल्या करंटचा पिंच इफेक्ट मान आवळतो. मान तुटते, आर्क पुन्हा पेटतो. इतर मोडमध्ये थेंबाला अडवणारा पृष्ठताण इथे मदतीला येतो. म्हणूनच शॉर्ट आर्कने ओव्हरहेड जोड सुद्धा जमतो, कारण धातू खाली पडत नाही, ओढून घेतलं जातं.

कळीचा मुद्दा म्हणजे करंट किती झपाट्याने चढतो. फार झपाट्याने चढला तर मान तुटत नाही, फुटते, आणि छर्रे उडतात. फार सावकाश चढला तर मान तुटतच नाही, वायर प्लेटवर ढोसत जाते आणि गन हाताला धक्के देते. हा वेग ज्याने आवरतात तो इंडक्टन्स. काही मशीनवर त्याचं वेगळं बटण असतं, काहींवर नुसतं ‘सॉफ्ट-हार्ड’ लिहिलेलं असतं. स्पॅटर दिसला की व्होल्टेजच्या बटणाकडे हात जातो. त्याआधी एकदा हे बटण फिरवून बघा. सॉफ्टकडे नेलं की छर्रे कमी होतात आणि बीड (जोडाची उमटलेली पट्टी) थोडी पसरते.

८ एमएम प्लेटवर बीड मस्त दिसते, पण हातोडा मारला की जोड उघडतो. का?

कारण बीड प्लेटवर बसली आहे, प्लेटमध्ये शिरलेली नाही. शॉर्ट आर्क हा थंड मोड. पातळ पत्र्याला तो वरदान, पण साधारण ५-६ मिलिमीटरच्या वर प्लेटच उष्णता ओढून घेते आणि धातू कडेला नुसतं टेकून राहतं. याला कोल्ड लॅप किंवा लॅक ऑफ फ्युजन म्हणतात. क्रॅक किंवा ब्लोहोल (गॅसने पडलेली भोकं) निदान दिसतात तरी. हा दोष गुळगुळीत, चकचकीत बीडखाली लपतो. या मोडबद्दल माझा खरा राग कशावर असेल तर यावर.

तपासणी शेडमध्येच होते. त्याच जाडीच्या दोन तुकड्यांचा टी-जॉइंट करा, एकाच बाजूने जोडा. उभी पट्टी जोडाच्या बाजूला दुमडेल असे घाव घाला, म्हणजे रूट (जोडाचा तळ) उघडेल आणि जोड तुटेल. तुटलेल्या भागात रूटपाशी प्लेटची मूळ कापलेली कड जशीच्या तशी दिसली, तर फ्युजन झालेलंच नाही.

ही भीती नुसती आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१.१ या स्ट्रक्चरल कोडमध्ये शॉर्ट आर्कला प्रीक्वालिफाइड (चाचणीशिवाय मान्य) पद्धतींत स्थान नाही, त्याची चाचणी देऊनच परवानगी घ्यावी लागते. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संघटनेच्या कोडमधल्या सेक्शन ९ प्रमाणे स्प्रे, ग्लोब्युलर किंवा पल्सवरून शॉर्ट आर्कवर आलात, अथवा शॉर्ट आर्कवरून त्यांच्याकडे गेलात, तर वेल्डिंग प्रोसीजरची नव्याने पात्रता लागते. वीज केंद्राचं किंवा प्रेशर व्हेसलचं काम घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डब्ल्यूपीएसवर (लेखी वेल्डिंग प्रोसीजरवर) मोडचा रकाना असतो, आणि तो शोभेसाठी नसतो.

जाड कामाला स्प्रे परवडतो का?

वजनाने मोजा. १.२ मिलिमीटरची वायर मीटरला सुमारे ८.९ ग्रॅम भरते. मिनिटाला ८ मीटर म्हणजे तासाला सव्वाचार किलो धातू, आर्क अखंड चालू असेल तर. ०.८ ची वायर शॉर्ट आर्कमध्ये मिनिटाला ५ मीटर चालवली तर तासाला सव्वा किलोच्या आतच. शिवाय स्प्रेत साफसफाई जवळजवळ नाही. ट्रेलरची चासी, बेस प्लेट, गर्डर अशी सपाट लावता येणारी, लांब जोडांची कामं असतील तर मिक्स गॅसचा जादा खर्च निघून येतो. चार इंचाचे तुटक जोड असतील तर नाही.

कूलरच्या स्टँडला कोणता मोड लावायचा?

शॉर्ट आर्क, दुसरा विचार नको. फेब्रुवारीपासून नागपुरातला प्रत्येक फॅब्रिकेटर स्टँडच्या मागे असतो आणि तो पाइप बहुधा १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरचा. ०.८ ची वायर, ८० ते १०० अँपिअर, मिक्स गॅसवर १७-१८ व्होल्ट. शुद्ध सीओटूवर दीड-दोन व्होल्ट जास्त. कोपऱ्यावर भोक पडत असेल तर करंट कमी करण्याआधी हात जलद चालवून बघा.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप असेल तर गोष्ट वेगळी. जस्त ९०७ अंशांना उकळतं, तेव्हा स्टील वितळायला अजून पाचसहाशे अंश बाकी असतात. ती वाफ थेंबालाच उडवते, म्हणून कुठलंही सेटिंग लावा, जीआयवर स्पॅटर आणि ब्लोहोल येणारच. जोडाच्या जागेचा थर ग्राइंडरने काढून टाका. तो पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने तो टळतो, हा आपला जुना समज आहे. टळतो तो हवा खेळती ठेवल्याने.

स्प्रेने उभा जोड होईल?

नाही. डबकं मोठं आणि पातळ असतं, धातू ओघळतं. सपाट जोड आणि आडवा फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यातला जोड), एवढंच स्प्रेचं क्षेत्र. उभ्यासाठी शॉर्ट आर्क, पल्स किंवा फ्लक्स कोअर.

पल्स मशीन घ्यावं का? महाग पडतं म्हणून विचारतो.

आधी ते काय करतं ते समजून घ्या. करंट दोन पातळ्यांवर नाचतो. खालच्या पातळीवर, समजा ५० ते ८० अँपिअर, आर्क फक्त जिवंत राहतो. वरच्या पातळीवर तो ट्रान्झिशन करंटच्या बराच वर झेपावतो, एकदोन मिलिसेकंदांपुरता. तेवढ्यात पिंच इफेक्ट एक थेंब तोडतो. मग पुन्हा खाली. आदर्श गणित एका पल्सला एक थेंब. १.२ ची वायर मिनिटाला ४ मीटर चालत असेल आणि थेंब वायरच्या जाडीचे असतील, तर सेकंदाला सुमारे ८३ थेंब, म्हणजे तितकेच पल्स लागतील. वायरचा वेग बदलला की हे गणितही बदलायला हवं. ते मशीन स्वतःहून बदलत असेल तर त्याला सिनर्जिक म्हणतात.

फायदा असा की थेंब स्प्रेसारखे, पण सरासरी करंट ट्रान्झिशनच्या खूप खाली. त्यामुळे पातळ काम, उभा जोड, स्टेनलेस, अॅल्युमिनियम, सगळीकडे चालतं. गॅस मात्र आर्गॉनप्रधानच हवा. पल्स मशीन आणून त्याला शुद्ध सीओटू जोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

माझं मत विचाराल, तर रोज अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस करणाऱ्याने घ्यावं. गेट, ग्रिल, स्टँड करणाऱ्याला गरज नाही, त्या पैशात चांगला फीडर आणि टिप-लायनरचा (लायनर म्हणजे केबलमधली वायरची नळी) साठा येईल. फ्रोनिअसच्या सीएमटीसारख्या पद्धतीत वायर टेकल्यावर मोटर ती मागे खेचते, त्यामुळे मान जवळपास करंटशिवाय तुटते. बघायला फार सुंदर, पण ते रोबोटवाल्या कारखान्यांचं काम.

उन्हाळ्यात आर्क बिघडतो, हे खरं की मनाचे खेळ?

खरं आहे, आणि त्याची कारणं तीन वेगवेगळी आहेत.

पहिलं म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की शेडमध्ये कूलर नाहीतर मोठा पंखा लागतो, आणि त्याचा झोत थेट गनवर येतो. सेकंदाला दोन मीटरच्या वर वारा असला की गॅसचं आवरण विस्कटतं. हवा आत शिरली की आर्क फरफरतो, थेंब वाकडे जातात, बीडला बारीक छिद्रं पडतात. गॅसचा फ्लो वाढवून हे सुटत नाही, फार वाढवला तर नोझलमध्येच भोवरे तयार होऊन हवा ओढली जाते. कूलरचं तोंड वेल्डरच्या पाठीकडे वळवा, मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

दुसरं मशीनची दमछाक. आयईसी ६०९७४-१ या मानकाप्रमाणे ड्यूटी सायकल ४० अंशांना धरून लिहिलेली असते. २५० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं, पण ४० अंशांपर्यंत. पत्र्याच्या शेडमध्ये ४६ अंश असताना ते पाळलं जाणार नाही. शॉर्ट आर्कवाल्याला याची झळ लागत नाही, स्प्रेवाल्याचं मशीन मात्र ट्रिप होतं. स्प्रेचे लांब जोड सकाळी उरकून घ्यावेत.

तिसरं सीओटूचं. सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो, पण ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहूच शकत नाही. उन्हात ठेवलेल्या सिलिंडरमध्ये त्यामुळे दाब बराच चढतो आणि गेजवरून गॅस किती उरला याचा अंदाज चुकतो. थंडीत उलटं. १० अंशांना दाब सुमारे ४५ बार, आणि द्रव संपेपर्यंत काटा तिथेच. किती उरला हे बाराही महिने वजन करूनच कळतं. सिलिंडर सावलीत ठेवा. जास्त फ्लोवर रेग्युलेटर गोठतो, त्यासाठीचा हीटर मात्र उन्हाळ्यातही काढू नका.

वायर अडखळत चालून राहिली. याचा मोडशी काही संबंध?

थेट संबंध. वायर थांबली की करंट पडतो आणि मोड त्या क्षणापुरता बदलतो. घासलेली टिप, तुंबलेला लायनर, जास्त आवळलेला रोलर किंवा पावसाळ्यात गंजलेली वायर. याच क्रमाने बघा.

स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमला काय?

अॅल्युमिनियमला शुद्ध आर्गॉन, स्प्रे किंवा पल्स, यू-ग्रूव्ह रोलर आणि टेफ्लॉन लायनर. शॉर्ट आर्कच्या वाटेला जाऊ नका. स्टेनलेसला आर्गॉनमध्ये २ टक्के सीओटू किंवा ऑक्सिजन. शुद्ध सीओटूने स्टेनलेस जोडलं तर कार्बन शिरतो आणि पुढे गंज लागतो.

स्प्रेला काच वेगळी लागते का?

लागते. शॉर्ट आर्कला १० नंबर पुरतो, स्प्रेला ११ किंवा १२ लावा. स्प्रेचा आर्क सतत जळतो आणि आर्गॉनमुळे अतिनील किरणं तीव्र असतात, उघडा गळा आणि मनगटं संध्याकाळपर्यंत भाजतात. टँकरच्या आत काम असेल तर आणखी एक धोका. आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी साचतात, आणि आर्गॉनला वासही नसतो. ब्लोअर लावल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा केल्याशिवाय आत उतरू नका. जेवायला जाताना गन टँकरच्या आत सोडून जायची नाही, गळती असली तर तासाभरात तळ गॅसने भरतो.